मागं उभ्या असलेल्या बायका

दिवाळीत पिंपळीला घरी होते. दुपारची वेळ. माझी चुलत बहीण ओसरीवर आडवी पडून मोबाईलवर ‘डाँग यी’ नावाची कोरियन मालिका बघत होती, आणि शेजारी आजी सुपात ज्वारी निवडत बसली होती. आजीला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण अधूनमधून नजर पडद्यावर जात होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “ही राणी, एवढं कळलं. पर तिच्या माघं माना खाली घालून उभ्या ऱ्हायल्यात त्या कोन गं?”

“दासी आहेत त्या आजी. राजवाड्यातल्या.”

“नावं काय त्यांची?”

बहीण हसली. “त्यांना कुठली आलीत नावं? नुसत्या उभ्या राहायला असतात त्या.”

आजी काही बोलली नाही. पाचेक मिनिटांनी बहिणीनं तिथूनच आवाज दिला, “आजी, येताना तांब्याभर पाणी आण ना.” तसं आजीनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “मी काय तुझी बटीक लागून गेले का?”

हे वाक्य मी लहानपणापासून हजार वेळा ऐकलंय. तुम्हीही ऐकलं असेल. पण त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की आजीनं आपल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. मागं उभ्या असलेल्या बायका कोण? बटकी. कोरियात त्यांना काय म्हणत असतील ते असो, आपल्याकडं त्यांच्यासाठीचा शब्द अजून तोंडात आहे. फक्त बायका विसरल्या गेल्यात.

आता हे सगळं मी इथं का लिहितेय? मी संख्याशास्त्रात पीएच.डी. करतेय आणि माझा विषय आहे गहाळ माहिती. घरी हे सांगितलं की काका विचारतात, “म्हणजे पोलिसात का?” तर तसं नाही. पण त्या दुपारनंतर मी पेशवाईतल्या आणि साताऱ्याच्या दरबारातल्या बायकांवर जे मिळेल ते वाचत गेले, आणि वाटलं की माझा विषय समजावून सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला शोधूनही सापडणार नाही.

गहाळ होण्याचे तीन प्रकार

समजा, गावात मी ऊस उत्पादकांची पाहणी केली. एकरी किती टन ऊस निघाला, एवढाच प्रश्न. वही घेऊन घरोघर फिरले. घरी येऊन बघते तर काही रकाने रिकामे. आता हे रकाने रिकामे का राहिले, याची तीन कारणं असू शकतात.

पहिलं, वहीवर चहा सांडला. चहाला काय माहीत कुणाचा ऊस किती? तो कुणाच्याही नावावर सांडतो. अशी माहिती गेली तर आकडे कमी होतात, पण चित्र वाकडं होत नाही.

दुसरं, कालव्याच्या पलीकडच्या वस्तीवर मी गेलेच नाही, कारण रस्त्यात चिखल होता. इथं चित्र थोडं वाकडं होतं, पण कोण सुटलं ते मला माहीत आहे. त्यामुळं हिशोबात सुधारणा करता येते.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड. ज्याचा ऊस बुडाला त्यानं दारच उघडलं नाही. म्हणजे माहिती गहाळ आहे, आणि ती गहाळ असण्याचं कारण त्या माहितीतच आहे. हे लक्षात न घेता उरलेल्या आकड्यांची सरासरी काढली तर आमचं पिंपळी जगातलं सगळ्यात सुखी गाव ठरेल.

यात आणखी एक गोम आहे. आकडेमोडीची बरीच सॉफ्टवेअर रिकामा रकाना दिसला की ती अख्खी ओळच गाळून पुढं जातात. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर विचारतसुद्धा नाहीत. उत्तर स्वच्छ, नेटकं येतं. चुकीचं असतं, पण नेटकं असतं.

दरबाराचा इतिहास आपण शाळेत शिकलो तो असाच, ओळी गाळून. ज्यांचं नाव, गाव, कुळ, सनावळी सगळं भरलेलं होतं तेवढ्या ओळी उरल्या.

ज्यांच्या ओळी उरल्या

मोठ्या घरच्या बायकांच्या ओळी उरल्या, आणि त्या उरल्या हे चांगलंच झालं. येसूबाईंचंच बघा. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा त्या लहान शाहूंना घेऊन औरंगजेबाच्या कैदेत गेल्या. १७०७ मध्ये शाहूंची सुटका झाली, पण येसूबाई ओलीस म्हणून मागं राहिल्या आणि स्वराज्यात परतल्या त्या थेट १७१९ मध्ये, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून आले तेव्हा. तीस वर्षं. त्यातली अनेक वर्षं बादशहाच्या छावणीतल्या तंबूत, आज इथं तर उद्या तिथं.

बाळाजी विश्वनाथांच्या घरातल्या बायकाही कागदांत ठळक आहेत. त्यांच्या पत्नी राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या यात्रेला निघाल्या तेव्हा राजपूत राजांनी त्यांचं स्वागत केलं. पेशव्याची आई येतेय म्हणजे राजकारणच चालून येतंय, हे सगळ्यांना कळत होतं. थोरली मुलगी भिऊबाई आमच्या बारामतीला दिलेली, आबाजी नाईक जोशांना. धाकटी अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडं. आबाजींचे भाऊ बाबूजी नाईक म्हणजे पेशव्यांचे सावकार आणि पुढं त्यांचेच प्रतिस्पर्धी. १७४० मध्ये थोरले बाजीराव गेले तेव्हा पेशवेपदासाठी नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी बाबूजींचं नाव पुढं केलं होतं. म्हणजे भिऊबाईंचं माहेर आणि सासर एकाच गादीसाठी समोरासमोर. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते कल्पनेवर सोडू, पण निदान कल्पना करायला नाव तरी आहे.

बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. शाळेच्या सहलीत आम्हाला तो दाखवायचे आणि सांगायचे, बघा, मोरोपंत इथंच होते, नाईकांचे पुराणिक. आम्ही माना डोलवायचो. सहलीतला दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही, मीही नाही. एवढ्या मोठ्या वाड्यात पाणी कोण भरत होतं?

कागदात शिरायची चार दारं

पेशवाईत या कामाच्या बाईला कागदोपत्री शब्द होता कुणबीण. हा शब्द जपून वाचायला हवा. कुणबी घरातल्या बाईलाही कुणबीणच म्हणत. पण दफ्तरातल्या हिशोबात कुणबीण म्हणजे विकत घेतलेली, दिलेली किंवा सरकारात जमा केलेली गुलाम बाई, मग ती मूळची कुठल्याही जातीची असो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही या शब्दाचे हे दोन्ही अर्थ सापडतात. बटीक, दासी हे त्याचेच शेजारी शब्द. आणि यातल्या एखादीला मालकानं आपल्यापाशी ठेवलं की तिच्यासाठी आणखी वेगळी नावं होती, नाटकशाळा वगैरे. तिला झालेलं मूल लेकावळा.

आता गंमत अशी की पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत, मोडीतले. हिशोब लिहिण्यात आपले लोक इतके काटेकोर की घोड्याच्या चंदीपासून दिव्याच्या तेलापर्यंत सगळं मांडलेलं. गणेश चिमणाजी वाडांनी त्यातून रोजनिशीचे वेचे काढले, सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड छापले. एवढ्या कागदांत कुणबिणी नाहीत असं नाही. आहेत. पण त्या कागदात शिरतात ती दारं ठरलेली आहेत. मी मोजली तेव्हा चार सापडली.

पहिलं दार खरेदीचं. बाई विकत घेतली की पैसे गेले. पैसे गेले की नोंद आली. दुष्काळात पोटासाठी लेकरं विकली जात, लढाई-लुटीत बायका पकडून आणल्या जात, आणि हातोहात होत त्या कुणाच्या तरी कोठीवर, पागेत किंवा किल्ल्यावर पोचत. तिथं पाणी भरणं, दळण-कांडण, भांडी, शेणगोठा, सारवण. बदल्यात शिधा आणि लुगडं. हा शिधाही हिशोबात दिसतो, कारण धान्य कोठीतून जातं. म्हणजे बाई दिसते ती धान्याच्या मागं उभी असलेली.

दुसरं दार आंदणाचं. मोठ्या घरच्या लग्नात मुलीबरोबर भांडी, दागिने, जनावरं जात तशी माणसंही जात. नवरीला परक्या घरी आपलं म्हणायला कुणीतरी हवं, ही एक बाजू. त्या ‘कुणीतरी’ला कुणी विचारलं का, ही दुसरी.

तिसरं दार शिक्षेचं, आणि हे वाचताना मी खरंच थांबले. पेशवाईत एखाद्या बाईवर बदकर्माचा, म्हणजे शिंदळकीचा आरोप शाबीत झाला की तिला सरकार स्वतः कुणबीण करून टाकू शकत होतं. उमा चक्रवर्तींनी यावर सविस्तर लिहिलंय. म्हणजे काल घरात असलेली एखादी सून किंवा विधवा आज सरकारी कोठीत दळण दळतेय. गुलामी कुठून तरी बाहेरून येत नव्हती, न्यायनिवाड्यातूनही येत होती. यातून सुटायची वाटही कागदात दिसते. म्हातारपणी, काम होईना झालं की, आपल्या जागी बदली दुसरी कुणबीण देऊन सुटका. एकीची सुटका म्हणजे दुसरीची भरती.

चौथं दार मरणाचं. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा. गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, ही गोष्ट आपल्याला ‘काका मला वाचवा’ आणि ‘ध चा मा’ यासकट पाठ आहे. त्या अर्ध्या तासात वाड्यात एकूण अकरा माणसं मारली गेली, असं सरदेसाई सांगतात. स्वतः पेशवे धरून सात ब्राह्मण, दोन मराठा हुजरे आणि दोन दासी. धन्याला वाचवताना मेलेल्या चापाजी टिळेकराचं नाव आपल्याला माहीत आहे. इच्छारामपंत ढेऱ्यांचं नाव माहीत आहे. त्या दोघींचा उल्लेख मात्र ‘दोन’ एवढाच होतो. रामशास्त्र्यांनी पुढं रघुनाथरावांना तोंडावर दोषी ठरवलं, मराठी न्यायाची ती सगळ्यात अभिमानाची गोष्ट आहे, आणि असायलाच हवी. तो न्याय पेशव्याच्या खुनाचा होता. त्या दोघी त्या खुनात मोजल्या गेल्या, एवढंच.

खरेदी, आंदण, शिक्षा, मरण. या चारांत एक समान गोष्ट आहे. यातलं एकही दार त्या बाईनं स्वतः उघडलेलं नाही. राधाबाई यात्रेला निघतात, गोपिकाबाई नातवाला, सवाई माधवरावांना, कसं वागावं याचं उपदेशपत्र लिहितात. क्रियापद त्यांचं आहे. कुणबिणीच्या बाबतीत क्रियापद कायम दुसऱ्याचं. घेतली, दिली, ठेवली, सोडली.

शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला तेव्हा आतले दिवाणखाने आणि बायकांचे महाल सगळेच गेले, आज जोती आणि तट उरलेत. ती आग म्हणजे वहीवर सांडलेला चहा. तिनं राणी आणि दासी असा भेद केला नाही. पण कुणबिणींची नावं आगीत गेलेली नाहीत. मुळात लिहिली गेली ती इतकी कमी, कारण लिहिणाऱ्याला त्यांची गरज नव्हती. हा तिसरा प्रकार. दार न उघडणारा शेतकरी आठवा. फरक एवढाच की इथं दार बाहेरून लावलेलं आहे.

आणि विरूबाई?

इथं कुणीतरी म्हणेल, असं कसं, विरूबाईंचं नाव तर आहे की. बरोबर आहे. म्हणून तिच्याकडं वळू.

शाहू औरंगजेबाच्या छावणीत असतानाच त्यांची लग्नं झाली, एक सिंदखेडच्या जाधवांच्या मुलीशी आणि एक कण्हेरखेडच्या शिंद्यांच्या मुलीशी. त्या लग्नात आंदण म्हणून आलेली दासी म्हणजे विरूबाई. बखरीतली हकीकत अशी की बादशहानं नवरी बघायची इच्छा दाखवली. आपली सून परक्या दरबारात उभी करायची नाही, म्हणून मराठ्यांनी नवरी म्हणून विरूबाईला नेऊन उभं केलं. खानदानी मुलीची अब्रू राहावी म्हणून दासी पुढं. तिच्या अब्रूचा प्रश्न कुणाला पडल्याचं बखर सांगत नाही. बखरीतली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी घ्यायची नसते हे मान्य, पण ही गोष्ट सांगणाऱ्याला यात काही वावगं वाटलं नाही, हेही एक प्रकारे माहितीच आहे.

पुढं साताऱ्यात हीच विरूबाई शाहूंच्या खासगी संसाराची खरी कारभारीण झाली. सकवारबाई आणि सगुणाबाई या दोन राण्या असताना घरातला शब्द चालायचा तो विरूबाईचा. शाहूंनी पारदच्या लोखंड्यांचा मुलगा जवळ केला आणि त्याचा फत्तेसिंह भोसले झाला, अक्कलकोटच्या घराण्याचा मूळपुरुष. त्याला विरूबाईनं पोटच्या पोरासारखं वाढवलं. डिसेंबर १७४० मध्ये ती गेली तेव्हा शाहूंना ते फार लागलं.

छान गोष्ट आहे. मालिका काढण्यासारखी. आणि नेमका इथंच घोटाळा होतो.

आमच्या विषयात रिकामे रकाने भरायची एक रीत असते. ज्यांची माहिती आहे त्यांच्यावरून, ज्यांची नाही त्यांचा अंदाज बांधायचा. ही रीत चहा सांडल्यावर चालते. दार बंद असल्यावर चालत नाही. विरूबाईवरून बाकीच्या कुणबिणींचा अंदाज बांधला तर असं वाटेल की दासी असणं म्हणजे राजाच्या जवळ असणं, प्रेम, मान, वजन. पण विरूबाई कागदात टिकली ती ती बाकीच्यांसारखी नव्हती म्हणून. तिचं नाव टिकणं आणि इतरांचं न टिकणं यामागचं कारण एकच आहे. नाव टिकवायला राजा लागला.

शिवाय तिचं सगळं वजन एका माणसाच्या मर्जीवर उभं होतं. त्याबाबत राण्यांचं तरी काय वेगळं होतं म्हणा. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू गेले आणि सकवारबाई सती गेल्या. त्यांच्यावर दबाव आणला गेला असा ठपका ग्रँट डफनं पेशव्यांच्या बाजूवर ठेवलाय, आणि त्यावर वाद आजही आहे. म्हणजे ज्यांची ओळ पूर्ण भरलेली आहे त्यांच्याही रकान्यात ‘स्वतःची इच्छा’ हा कप्पा रिकामाच.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहूंची समाधी आहे. तिथंच त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी आहे. त्यानं वाघापासून राजाचा जीव वाचवला असं सांगतात. लोक आवर्जून बघायला जातात, मीही गेले. कुत्र्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चांगला कुत्रा असणार. पण तिथं घाटाच्या पायऱ्यांवर बसल्यावर मला सारखं वाटत होतं, याच नदीतून वर्षानुवर्षं कुणीतरी घागरी वाहिल्या असतील.

कोरियात काय होतं

बहिणीची ती मालिकाही मग मी बघितली. खोटं कशाला सांगू, चांगली आहे. त्यातली नायिका म्हणजे इतिहासातली चोई सुक-बिन. कोरियाचा राजा योंगजो, ज्यानं १७२४ ते १७७६ राज्य केलं, त्याची आई. ती राजवाड्यात ‘मुसुरी’ होती, म्हणजे पाणी भरणारी बाई, असं सांगितलं जातं. ती गेली १७१८ मध्ये. म्हणजे विरूबाई साताऱ्यात वावरत होती त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दासी राजाच्या घरात होती. योंगजोला आईच्या खालच्या दर्जाचा सल आयुष्यभर होता. गादीवर आल्यावर लगेच, १७२५ मध्ये, त्यानं तिच्यासाठी स्मृतिमंदिर उभारलं.

आपल्यात आणि त्यांच्यात एक मोठा फरक मात्र दिसला. जोसन राजवटीच्या १४८५ च्या कायद्यात राजवाड्यातल्या बायकांच्या श्रेण्याच लावून दिल्या होत्या. वरच्या चार श्रेण्या राजाच्या उपपत्नींच्या, पाचवीपासून नववीपर्यंत कामकरी बायकांच्या. पाचव्या श्रेणीतली ‘सांगगुंग’ म्हणजे मोठी अधिकारी. मुली लहानपणीच वाड्यात यायच्या, आयुष्य तिथंच जायचं, लग्न करायची मुभा नाही. सोन्याचा पिंजरा म्हणा, पण पिंजऱ्याला निदान पाट्या होत्या. आणि तिथंही पाणी भरणारी मुसुरी या श्रेण्यांच्या बाहेरच.

आपल्याकडं अठरा कारखाने आणि बारा महाल अशी राजघराच्या व्यवस्थेची मांडणी होती. जामदारखाना, मुदपाकखाना, पीलखाना, सगळ्याला वेगळं खातं. कुणबिणी या खात्यांत विखुरलेल्या. त्यांचं असं खातं नाही. म्हणून त्या शोधायच्या तर बायकांच्या यादीत शोधून उपयोग नाही, धान्याच्या, कापडाच्या, गोठ्याच्या हिशोबात शोधाव्या लागतात.

मग करायचं काय

गहाळ माहितीवर काम करणाऱ्याला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवतात. जे नाही ते आहे असं दाखवू नका. म्हणजे मी आता बसून त्या दोन दासींची नावं रचायची, शनिवारवाड्यात त्या दिवशी त्या काय बोलत होत्या ते लिहायचं, हे कादंबरीकारानं करावं. मी नाही.

पण दुसरीही गोष्ट शिकवतात, ती लोक विसरतात. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. तो रकाना तसाच ठेवा, पण ओळ गाळू नका. त्या ओळीत लिहा, ‘इथं कुणीतरी होतं, आणि त्याची नोंद का नाही ते असं असं आहे’. अकरा माणसं मेली असं म्हटल्यावर अकराच मोजायची. सात आणि दोन मोजून ‘वगैरे’ म्हणायचं नाही. राधाबाईंची यात्रा लिहिताना त्या यात्रेत चुली कुणी पेटवल्या असतील, हा प्रश्न उत्तर नसलं तरी विचारायचा. प्रश्न विचारल्यावर माणूस हिशोबाचे कागद वेगळ्या नजरेनं वाचतो. गवळींसारख्या अभ्यासकांनी पेशवाईतल्या गुलामगिरीवर पुस्तक लिहिलं ते काही नवीन दफ्तर सापडलं म्हणून नव्हे. दफ्तर तेच होतं. ओळी गाळल्या नाहीत, एवढंच.

कायद्यानं कंपनीच्या मुलखात गुलामीला मिळणारी मान्यता १८४३ मध्ये काढून घेतली. त्या वर्षानंतर कुणबीण हिशोबातून हळूहळू गेली. पण कामं कुठं गेली? पाणी भरायचंच होतं. भांडी होतीच. शब्द हिशोबातून उठून भांडणात आला. ‘मी काय तुझी बटीक लागून गेले?’ हे आजीचं वाक्य मला आता भांडण वाटत नाही. ती एक सीमा आखते. एवढं करीन, यापुढं नाही. मी माझ्या मर्जीनं पाणी देईन, मला कुणी विकत घेतलेलं नाही. ज्यांना हे म्हणता येत नव्हतं त्यांची आठवण त्या वाक्यात नकळत राहिलीय.

दिवाळी संपल्यावर निघायच्या आदल्या रात्री मी आजीला सहज विचारलं, तुझ्या माहेरी पाटलांचा वाडा होता म्हणतेस, तिथं पाणी कोण भरायचं? मला वाटलं होतं, कुणीतरी होती म्हणेल. आजीनं क्षणभरसुद्धा विचार केला नाही. नाव सांगितलं. ती बाई डाव्या पायानं लंगडायची हे सांगितलं. तिच्या दोन मुली होत्या, त्यातली एक आजीबरोबर सागरगोटे खेळायची, हे सांगितलं. सणाला तिला ओसरीच्या खाली बसून वाढायचे, हे सांगताना आजीचा आवाज जरा खाली गेला.

मी ते सगळं वहीत लिहून घेतलं. नाव इथं देत नाही. तिच्या मुलीबाळींना विचारल्याशिवाय ते मला द्यायचं नाही. पण वहीत आहे. एका ओळीतला एक रकाना भरला.

तुमच्या घरी अजून आजी असेल, तर तुम्हीही विचारून बघा. राण्यांची नावं पुस्तकात सापडतील. दुसरी नावं आजीकडंच आहेत, आणि ती वही काही कायमची नाही.